घरचा वाफा

येळवशीच्या, म्हणजे वेळ अमावास्येच्या दिवशी शेतात जेवणं उरकली, की कोंडीरामआबा पुढच्या सालाचा हुकूम सांगायचे. कुठला तुकडा कुणी बघायचा, एवढाच हुकूम. जमीन वाटून द्यायचा विषय निघाला की आबांना खोकला यायचा, आणि त्या खोकल्यावरच हे घर गेली कैक वर्षं एकत्र होतं. याही येळवशीला सगळ्यांचं लक्ष एकाच तुकड्याकडं लागलेलं होतं: विहिरीच्या वरच्या अंगाचा वांग्याचा एकर. तो धाकट्या सुनेकडं, राजनंदिनीकडं राहणार, की थोरल्या लेकाच्या, हिंमतरावांच्या फवारणीच्या औषधाखाली परत जाणार?

गेल्या येळवशीला आबांनी तो तिला "एक साल बघू" म्हणून दिला होता. देण्यामागं काही नवी शेती करून बघावी असा विचार नव्हता. हिंमतराव त्या महिन्यात आबांना उलटून बोलले होते, आणि थोरल्याला जागेवर आणायचं तर धाकट्याच्या बायकोचं ऐकायचं, ही आबांची जुनी रीत. नंदिनीला हे पक्कं ठाऊक होतं. पण एकर कशापायी मिळाला याची चौकशी करत बसण्याइतकी ती खुळी नव्हती. मिळाला तसा तिनं घेतला.

आणि वर्षभर त्याच्यावर जीव टाकला. वांग्याच्या ओळींत पिवळे चिकट कागद टांगले. मावा आणि पांढरी माशी त्यांना जाऊन चिकटू लागली. बांधानं झेंडू लावला. निंबोळ्या कुटून, भिजवून, गाळून त्यांचा अर्क फवारला. त्या वासानं हिंमतराव आठवडाभर नाकाला रुमाल लावून रानात येत होते. तेरच्या स्टँडजवळच्या औषधाच्या दुकानात ज्याचा जन्म गेला, त्या माणसाला निंबोळीचा वास सोसवेना. एखादा शेंडा सुकून मान टाकताना दिसला, की आत अळी आहे हे ओळखून ती तो खुडायची आणि जाळून टाकायची. शिवाय जागोजाग काठ्यांना अडकवलेले सापळे. त्यांत मादी पतंगाच्या वासाची गोळी असते, त्या वासावर नर येतो आणि अडकून मरतो, हे तिनं सासूला समजावून सांगितलं तेव्हा तुळजाबाईंनी तोंडाला पदर लावला.

"बायकू हाय म्हून बोलवायचं आन् जीव घ्यायचा? ह्येचं पाप कुणाच्या डोक्यावर गं?"

"आत्याबाई, भावजींच्या औषधानं नवरा-बायकू, लेकरं, सगळं खटलंच मरतंय की."

"ते येगळं," तुळजाबाई म्हणाल्या. "त्यात फसवणूक न्हाई."

आता घरच्या वाफ्याचं सांगायला हवं, कारण त्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही. या घरात पहिल्यापासून दोन वांगी होती. एक बाजारचं आणि एक घरचं. बी तेच, रोप तेच, माती तीच. बाजारच्या वांग्याला दर आठवड्याला औषध बसायचं आणि त्याची कातडी नव्या मोटारसायकलसारखी चमकायची. घरचं वांगं विहिरीमागच्या चार ओळींच्या वाफ्यात यायचं. त्याला औषधाचा थेंब लावायचा नाही, हा तुळजाबाईंचा दंडक. ते थोडं वाकडं असायचं, मधूनच किडकं निघायचं, आणि चवीला फार चांगलं लागायचं. पंधरा गावांना औषध विकणारे हिंमतरावसुद्धा दर रविवारी पिशवी घेऊन त्या वाफ्यात वाकलेले दिसायचे. यात कुणाला काही वावगं वाटत नसे. आजूबाजूच्या सगळ्या शिवारात असेच वाफे होते, आणि बाजारात भेटल्यावर त्यांबद्दल कुणी कुणाला विचारत नसे.

यंदा येळवशीच्या चार-पाच दिवस आधी मात्र नंदिनीनं तो वाफा उपटला. सगळा एकरच घरच्यासारखा झाला, मग निराळा वाफा कशाला, असा तिचा साधा हिशेब होता. धाराशिवला मुलींची मेस चालवणारी इरम्मा आता आठवड्यातून दोनदा तिची वांगी घेत होती. जे त्या मुलींच्या ताटात, तेच आपल्या ताटात. वाफा उपटून तिनं मेथी टाकली तेव्हा शंभू, तिचा नवरा, माकणीला मावशीकडं गेला होता. परत आल्यावर त्याला सांगायचं राहून गेलं. सांगण्यासारखं त्यात काही आहे असं तिला वाटलंच नव्हतं.

*

येळवशीच्या दिवशी नंदिनी धुकं असतानाच वांगी तोडायला गेली. क्रेट भरले, लिंबाखाली रचले. टेम्पो संध्याकाळी यायचा होता. भज्जीसाठी कोवळी वांगी पाटीत निराळी काढली. एरवी पानांवर लाल ढालकिडे फिरताना दिसायचे. मावा खाणारे हे किडे तिच्या फार आवडीचे; त्यांना ती "माझी गडी माणसं" म्हणायची. आज एकही दिसला नाही. थंडीनं दडले असतील, असं म्हणून ती खोपीकडं वळली.

कडब्याची खोप उभी होती. आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडलेले, पुढं आंबिलीचं मडकं. बाहेर तीन दगडांच्या चुलीवर भज्जीचं मोठं पातेलं चढलं. हरभऱ्याची भाजी, तुरीचे दाणे, वाटाणा, गाजर, चिंचेचा कोळ, वर बेसन, आणि मधे भरपूर वांगं. थोरली जाऊ जगदेवी ढवळत होती. ढवळता ढवळता ती एकदा म्हणाली, "वांगं लई देखणं आलंय गं यंदा." जगदेवी नवऱ्याच्या बाजूची. तिच्या तोंडून नंदिनीच्या एकराचं कौतुक म्हणजे अर्धा निकाल लागल्यासारखंच होतं. नंदिनीला इतका आनंद झाला की तिनं मिठाचा डबा दोनदा उघडून दोनदा बंद केला.

तेवढ्यात शंभू कडब्याची पेंढी घेऊन आला आणि पातेल्यात डोकावला.

"वांगी कुठली घातली गं?"

"आपल्या एकरातली."

"वाफ्यातली न्हाईत?"

"वाफा कुठाय आता? तुमी माकणीला गेला हुताव तवाच उपटला. मेथी उगवाया लागली तिथं."

शंभूच्या हातातली पेंढी खाली पडली. नंदिनीला वाटलं, वाफा उपटल्याचा राग आला. पण शंभूला राग येत नसे. त्याचा स्वभाव सगळ्यांना खूश ठेवण्याचा होता. तो आबांना हो म्हणायचा, आबांच्या विरुद्ध दादाला हो म्हणायचा, आणि त्या दोघांच्या विरुद्ध बायकोला हो म्हणायचा. या स्वभावामुळं गावात त्याला सगळे चांगला म्हणत आणि घरात त्याच्यावर कुणीच विसंबत नसे.

"पेंढी उचला की," जगदेवी म्हणाली. पण शंभू खोपीमागं निघून गेला होता.

*

हिंमतराव खोपीमागं बाजेवर ऊन खात पडले होते. औषधाच्या कंपनीनं दिलेली टोपी तोंडावर होती. गावातले पाहुणे जेवायला यायला अजून अवकाश होता.

"दादा, घात झाला. ती भज्जी काल मारलेल्या वांग्याची हाय."

टोपी बाजूला झाली. "वाफ्यातली असंल."

"वाफा उपटलाय तिनं."

"कुणाला इचारून?" हिंमतराव उठून बसले. त्यांना खरोखर संताप आला. आपल्या घरात घरचा वाफा नाही, ही गोष्ट त्यांना जमीन विकल्यासारखी वाटली.

काल संध्याकाळी असं झालं होतं. नंदिनी घरी बाजरीच्या उंड्यांचं पीठ मळत बसली होती. शंभू एकरातून चक्कर मारून आला आणि त्याला चार शेंडे सुकलेले दिसले. उद्या आबा बघणार, उद्या निकाल, आणि हे सुकलेले शेंडे! बायकोचा एकर जाऊ नये म्हणून त्याचा जीव तुटला. आणि जीव तुटला की तो दादाकडं जायचा. हिंमतरावांनी कपाटातून एक डबी काढून दिली. "नवीन हाय. वास येत न्हाई. नंदिनीला कळायचं बी न्हाई." मनात त्यांचा हिशेब निराळा होता: निकाल लागू दे, मग सावकाश एखाद दिवशी जेवताना सांगू की तो एकरही शेवटी आमच्याच औषधानं उभा राहिला. भाऊ बायकोसाठी फवारत होता आणि थोरला भाऊ दुकानासाठी. पंप मात्र एकच होता.

"दादा, ह्ये मारल्यावर किती दिस तोडायचं नसतंय?"

"डबीवर लिव्हलेलं असतंय."

"काय लिव्हलंय?"

हिंमतरावांनी त्या डब्या खोक्यांनी विकल्या होत्या, पण वाचायची पाळी कधी आली नव्हती. अक्षर फार बारीक असतं. "असत्याल आठ-धा दिस. पर थांबतंय कोण? आज मारत्यात, उद्या बाजारात नेत्यात. लोकं खात्यातच की. कुणी मेलंय का?"

"मग आपुन बी खायची?"

हिंमतरावांनी भावाकडं वेड्याकडं बघावं तसं बघितलं. "आपुन कशाला खायची?"

पलीकडून पातेल्यावर झाकण ठेवल्याचा आवाज आला. शंभू कुजबुजला, "सांगून टाकू का तिला?"

"आन् मग? शेजारणी, पावणे येणार. औषधवाल्याच्या घरची भज्जी औषधानं बाटली, हे गावभर झाल्यावर म्या दुकानात बसून काय माशा मारू? गप ऱ्हा. तू पोट दुखतंय म्हन, म्या काय तरी बगतो. जगदेवीला म्या सांगतो."

"आन् आबा? आई?"

हिंमतरावांनी यावर जरा विचार केला. "म्हाताऱ्या मानसांचं खाणं कितीसं असतंय," ते म्हणाले. पण म्हणताना त्यांचा आवाज उतरला, आणि त्यांनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली.

*

पूजा झाली. आबांनी मडक्यातली आंबील कडब्याच्या पेंढीनं रानभर शिंपडली, आणि पाहुण्यांच्या आधी घरची पंगत बसली. आबांचा नियम: मालकानं चाखल्याशिवाय पाहुण्याला वाढायचं नाही. नंदिनीनं स्वतः भज्जी वाढायला घेतली. सगळं वर्ष तिनं याच घटकेसाठी काढलं होतं. आबांनी घास घ्यावा, मान हलवावी आणि म्हणावं, एकर नंदिनीकडं.

पहिलं ताट हिंमतरावांचं.

"मला नको. डॉक्टरनं वांगं बंद केलंय. सांदे धरत्यात."

"कवा बंद केलं?" तुळजाबाईंनी विचारलं. "परवा तर चार भाकरीसंगं खाल्लंस."

"परवानंतरच."

दुसरं ताट शंभूचं. त्यानं दोन्ही हात ताटावर आडवे धरले. पोटात कळ येतेय म्हणाला. कळ कुठं येतेय असं आईनं विचारलं तेव्हा त्यानं छातीवर हात ठेवला.

"आन् तुजं काय गं, जगदेवे?"

"माजा उपास हाय, आत्याबाई."

"आमुशाचा? येळवशीच्या दिवशी? कसला उपास?"

जगदेवीला कसला ते माहीत नव्हतं. नवऱ्यानं खोपीच्या आडोशाला तिच्या कानात एवढंच सांगितलं होतं की भज्जी खाऊ नको आणि नातीला, चिमीला देऊ नको. का, हे विचारायच्या आत ते निघून गेले होते. सव्वीस वर्षांच्या संसारात त्यांनी तिला का हे कधीच सांगितलं नव्हतं, आणि तिनंही कधी धरून विचारलं नव्हतं. पण आजवर "दुकानात ये", "माहेरी जाऊ नको" असल्या गोष्टी असायच्या. नातीला जेवू देऊ नको, हे पहिल्यांदाच.

आबांना मजा वाटू लागली होती. थोरल्याचं घर रुसलंय, असा त्यांनी अर्थ काढला, आणि थोरला रुसला की आबांचा उत्साह वाढायचा. "नगा खाऊ," ते म्हणाले. "वाढ गं नंदिनी, म्या खातो. लई झ्याक वास सुटलाय." त्यांनी भाकरीचा मोठा तुकडा मोडला आणि भज्जीत बुडवला.

चिमीनं पणजोबांचं बघून आपलाही हात ताटात घातला. ही जगदेवीच्या लेकीची लेक, चार वर्षांची, आजोळी आलेली. जगदेवीनं तिच्या हातावर असा फटका मारला की घास मातीत उडाला आणि पोरीनं भोकाड पसरलं.

"सांगा आता!" जगदेवी नवऱ्यावर ओरडली. तिचा एवढा मोठा आवाज त्या घरानं आजवर ऐकलेला नव्हता. "काय घातलंय ह्यात? माज्या नातीच्या ताटात काय हाय?"

आबांचा घास ओठांशी होता. हिंमतरावांच्या डोळ्यांपुढं दुकान आलं, पाहुणे आले, आणि मग समोरचा म्हातारा बाप आला, आ करून बसलेला.

"आबा, ठिवा त्यो घास खाली. काल सांजंला फवारलंय त्या वांग्याला."

नंदिनीच्या हातात पळी तशीच राहिली. "कुणी?"

"औषध म्या दिलं," हिंमतराव म्हणाले आणि भावाकडं बघू लागले. मग सगळेच शंभूकडं बघू लागले. शंभू पातेल्याकडं बघत होता.

"शेंडे सुकलेले दिसत हुते गं," तो पातेल्याला म्हणाला. "आबा आज बगणार. तुज्यासाठीच…"

नंदिनीला सकाळची रिकामी पानं आठवली. थंडीनं दडले असतील, असं तिनं म्हटलं होतं. कुणी दडलं नव्हतं. वर्षभर हळूहळू जमवलेलं सगळं एका संध्याकाळी गेलं होतं, आणि तेही शत्रूनं नाही, तिच्यासाठी जीव तुटणाऱ्या माणसानं घालवलं होतं. भावजींनी केलं असतं तर ती भांडली असती. नवऱ्याशी काय भांडायचं तेच तिला सुचेना. तिला त्याचा भयंकर राग आला, आणि त्याची कीव आली म्हणून स्वतःचाही आला.

*

एवढं मोठं पातेलं. आता त्याचं करायचं काय, यावर घर बोलू लागलं. कारण दुसऱ्या कशावर बोलणं अवघड होतं.

"बैलांना घाला," तुळजाबाई म्हणाल्या.

"बैलांना नगं," हिंमतराव चटकन म्हणाले. "बैल इकत घ्यायला गेलं तर काय किंमत हाय ठाऊक हाय का?"

"मग कुत्र्यांना?"

"आई, राखणीचं कुत्रं हाय ते."

आबा भुकेले होते आणि भुकेला माणूस सरळ विचार करतो. "टाकून कशाला द्यायची?" ते म्हणाले. "आता पावणे येतीलच की."

चिमी रडायची थांबली. आबांनी स्वतःचं वाक्य ऐकलं आणि त्यांना खोकला आला.

हिंमतरावांनी मात्र संधी सोडली नाही. बापाला वाचवून झालं होतं, आता दुकान वाचवायचं होतं. "आबा, जालं ते जालं. पिठलं टाका, पावण्यांचं भागंल. पर एक बगा. शेवटी औषध लागलंच न्हाई का? सापळे लावा, झेंडू लावा, शेंडा सुकला की मानूस माज्याच दारात येतो. तुमी आज सांगणारच हाव, तर सांगून टाका. एकर माज्याकडं द्या. आन् ते क्रेट सांजच्या टेम्पोत जाऊ द्या. ते काय आपल्याला खायाचं न्हाई. बाजारचं हाय ते."

तुळजाबाईंनी मान हलवली. त्या कालपर्यंत धाकटीच्या बाजूला होत्या, पण धाकटीनं वाफा उपटला होता आणि त्यामुळं आज त्यांची येळवस बुडाली होती. आबांनीही घसा साफ केला. नंदिनीला कळलं की एकर गेला.

"द्या," ती म्हणाली. "एकर भावजींना द्या, आबा. त्यांनी वाटंल ते औषध मारावं, म्या एक सबूद बोलणार न्हाई. पर वाफा आता मोडलाय, आन् म्या तो परत लावणार न्हाई. ह्या घरात भाजी त्याच एकरातली शिजंल. ज्या दिशी बाजारात जाईल त्याच दिशी आपल्या चुलीवर. आबांच्या ताटात, भावजींच्या ताटात, चिमीच्या ताटात. इरम्माच्या पोरींनी खायाची, तर आपुन बी खायाची."

"असं कुटं असतंय व्हय?" हिंमतराव हसले. ते एकटेच हसले.

"का न्हाई?" जगदेवी म्हणाली. चिमीला मांडीवर घेऊन ती नवऱ्यासमोर बसली होती. "तुमीच म्हन्ता की काय व्हत न्हाई. गिऱ्हाइकाला रोज सांगताव. मग खावा की."

"तू मधी बोलू नगं."

"बोलणार. माज्या घरात उद्यापासनं काय शिजणार, ते मला कळाया पायजे. आबा, एकर नंदिनीकडं ऱ्हाऊ द्या. मला सापळ्यातलं, झेंडूतलं काय कळत न्हाई. मला भ्या वाटतंय, म्हून सांगते."

आबांची मोठी पंचाईत झाली. आजवर त्यांनी भावाला भावाविरुद्ध आणि सासूला सुनेविरुद्ध उभं करून घर चालवलं होतं. दोन जावा एका बाजूला, हा मेळ त्यांच्या कारभारात कधी बसलेलाच नव्हता. अशा वेळी जे कारभारी करतात तेच त्यांनी केलं. निर्णय दुसऱ्याच्या गळ्यात घातला.

"हिंमत, तूच सांग. एकर कुणाकडं?"

हिंमतराव तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. त्यांचे हात मोडलेल्या भाकरीनं भरलेले होते. चिमीला फोनचं बटण दाबायला आवडायचं. तिनं दाबलं आणि आवाजही मोठा केला.

"दादा, बलभीम बोलतोय. येळ हाय का? सांच्याला वांगं काढायचं हाय, उद्या तुळजापूरच्या बाजारात न्यायचं. मागल्या खेपंला तुमी दिलं हुतं ते आत्ता मारू का? चकाकी लई भारी येती त्येनं."

सगळं घर हिंमतरावांकडं बघत होतं. बापानं बाजूला ठेवलेला घास अजून ताटाच्या कडेला होता.

"आज नगं मारू, बलभीम."

"का?"

"ते मारल्यावर आठ-धा दिस तोडायचं नसतंय."

पलीकडं बलभीम मोठ्यानं हसला. "दादा, थट्टा करताव व्हय? वर्स जाली तुमीच सांगताव की, मार आन् तोड."

"आता सांगतोय ते ऐक. नगं मारू."

बलभीमचा आवाज एकदम बारीक झाला. "साहेब बसल्यात व्हय जवळ? तपासणीवाले?"

"कुणी साहेब न्हाई रं. घरचीच हायत समदी."

"समजलं, समजलं. घरचीच हायत. मग जास्त बोलू नगा. म्या घेतो मारून." आणि फोन बंद झाला.

हिंमतरावांनी हात तसेच धोतराला… नाही, आज त्यांनी पॅंट घातली होती, नवी, पाहुण्यांसाठी. तिलाच पुसले आणि परत फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. बलभीम पंप भरायला गेला असणार. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी गिऱ्हाइकाला खरं सांगितलं होतं, आणि गिऱ्हाइकाचा त्यांच्यावर इतका विश्वास होता की त्यानं ते मानलंच नाही.

ते उठले आणि चपला शोधू लागले.

"कुटं निगालास?" आबांनी विचारलं. "एकराचं सांग की आधी!"

"नंदिनीकडंच ऱ्हाऊ द्या," हिंमतराव चपलेत पाय घालत म्हणाले. त्यांनी नंदिनीकडं बघितलं नाही. पुढच्या क्षणी त्यांची मोटारसायकल बांधावरून उडत गेली. तो दोन घास तरी खाऊन गेला असता, असं तुळजाबाई बराच वेळ म्हणत राहिल्या.

"एकर नंदिनीकडं," आबांनी मोठ्यानं हुकूम सांगितला. "म्या सकाळीच ठरिवलं हुतं."

नंदिनीनं त्यांच्या पायांना हात लावला. हवा होता तो एकर मिळाला होता, आणि त्यात आता एकही ढालकिडा नव्हता. पहिल्या सापळ्यापासून सगळं पुन्हा सुरू करायचं होतं. जगदेवी पिठल्यासाठी बेसन कालवायला बसली. नंदिनी लिंबाखाली गेली आणि तिनं वरचा क्रेट खाली ओढला. शंभू मागोमाग आला आणि दुसऱ्या बाजूनं हात लावू लागला.

"खड्डा म्या खांदते," ती म्हणाली. "तुमी इरम्माबाईला फोन लावा."

"म्या?"

"तुमीच."

शंभूनं फोन लावला. "हॅलो, इरम्माबाई? शंभू बोलतोय, तेरहून. आज वांगी येणार न्हाईत… न्हाई, टेम्पो चालू हाय… दराचं काय न्हाई ओ… दुसऱ्या कुणाला कशाला देऊ? तुमालाच देतो की…" त्यानं फोन छातीशी दाबला. "त्या म्हन्त्यात, मग का न्हाई? काय सांगू?"

नंदिनीनं कुदळ उचलली आणि ती खणायला लागली.

शंभूनं फोन कानाला लावला.

"म्या फवारलं," तो म्हणाला.